पाहणाऱ्याची जागा : वन्यप्राणी आणि किनाऱ्यांच्या काही तैलचित्रांविषयी

१

वन्यप्राण्यांचे तैलचित्र हा कलासमीक्षेने कायम ओसरीवरच बसवून ठेवलेला पाहुणा आहे. व्यक्तिचित्राला पाट मांडला गेला, निसर्गचित्रालाही पुढे माजघरात जागा मिळाली; पण हरिण, गरुड, खोकड यांची चित्रे शिकारी बंगल्याच्या भिंतीची, क्लबाच्या जिन्याची, फार तर कॅलेंडरची समजली गेली. या दुर्लक्षाला कारणही आहे. अशी बहुतेक चित्रे खरोखरच सजावटीची असतात. केस न् केस रंगवलेला प्राणी पाहून आपण चित्रकाराच्या हातोटीला दाद देतो आणि पुढे सरकतो. प्राण्यामागचा समुद्र, बर्फ किंवा डोंगर हा नाटकातल्या पडद्यासारखा असतो. तो बदलून दुसरा लावला तरी चित्राचे काही बिघडत नाही.

काही थोडी चित्रे मात्र अशी सुटू देत नाहीत. त्यांच्यासमोर थांबल्यावर एक साधा प्रश्न पडतो : हे दृश्य दिसायला मी नेमका कुठे उभा असायला हवा? प्रस्तुत लेखात हाच प्रश्न हाती धरून एडविन लँडसीअर, ब्रूनो लिल्येफोर्स आणि विन्स्लो होमर या तिघांच्या काही चित्रांकडे पाहायचे आहे. तिघेही तैलरंगात काम करणारे, तिघांचाही शिकारीशी किंवा मासेमारीशी जवळचा संबंध. माझे म्हणणे असे की, प्राणी किती हुबेहूब उतरला यावर अशा चित्राची प्रत ठरत नाही; चित्रकाराने पाहणाऱ्याला कुठे उभे केले आणि त्या जागेची किंमत त्याला मोजायला लावली की नाही, यावर ती ठरते.

२

सुरुवात लँडसीअरपासून करावी लागते, कारण एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिचित्रांची चाकोरी बऱ्याच अंशी त्याने पाडली. व्हिक्टोरिया राणीचा हा आवडता चित्रकार. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातले सिंह त्याचेच. ‘द मोनार्क ऑफ द ग्लेन’ (१८५१) या चित्रातला त्याचा सांबरासारखा भरदार शिंगांचा नर स्कॉटलंडच्या डोंगरात मान ताठ करून उभा आहे. पुढे साबणापासून व्हिस्कीपर्यंत अनेक मालांच्या जाहिरातींत तो मिरवला. त्यात नवल नाही. त्या हरणाने दरबारी व्यक्तिचित्राची बैठकच घेतली आहे. आपण खाली, तो वर. आपण प्रजा, तो राजा. डोंगर हा त्याच्या सिंहासनामागचा मखमली पडदा.

आपल्या विषयाला अधिक जवळचे चित्र म्हणजे ‘मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस’ (१८६४). सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये दोन जहाजे आणि १२९ माणसे घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेला; त्यांतला कोणीही परतला नाही. लँडसीअरने त्या बर्फाळ किनाऱ्यावर दोन ध्रुवीय अस्वले रंगवली आहेत. एक जहाजाचे लाल कापड फाडते आहे, दुसरे मानवी बरगडी दातांत धरून आहे. हे चित्र आज इंग्लंडमधल्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयाच्या दालनात आहे. तिथे परीक्षा असल्या की त्यावर ब्रिटिश झेंडा टाकून ते झाकतात, म्हणजे मुलांना अपशकून नको.

चित्र भेदक आहे, यात शंका नाही. पण त्यातली अस्वले अस्वले आहेत का? १८५४ मध्ये जॉन रे या संशोधकाने इन्युइट लोकांकडून कळलेली हकीकत इंग्लंडला कळवली होती : फ्रँकलिनच्या माणसांनी शेवटी आपल्याच मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. इंग्लंडला ते सहन झाले नाही. त्यानंतर दहा वर्षांनी लँडसीअरने तीच हाडे जनावरांच्या तोंडात दिली. माणसाने केलेले, आणि उच्चारायचे नाही असे जे होते, ते अस्वलांच्या नावावर मांडले गेले असे मला वाटते. अस्वले इथे दैवाची भूमिका करतात. पाहणारा सुरक्षित अंतरावर, प्रेक्षागारात बसलेला. नाटक माणसाचे आहे, प्राणी त्यातले नट.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. तैलरंगातला प्राणी आपल्या घरांत आला तो राजा रविवर्म्याच्या चित्रांतून. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या त्याच्या छापखान्याने रविवर्म्याचे तैलरंग घरोघर पोचवले. त्याचा जटायू आठवावा. आकाशात रावण, त्याच्या हातात तलवार, तोंड झाकलेली सीता आणि पंख छाटला गेलेला पक्षी. पिसे पक्ष्याची आहेत, पण त्याचे मरण धर्मासाठी आहे. आपण हळहळतो ते कथा ठाऊक असल्यामुळे. रामाने सागराला दटावल्याच्या त्याच्या चित्रात तर समुद्रच वरुणाचे रूप घेऊन समोर येतो. ही चित्रे कमी प्रतीची आहेत असे मुळीच सुचवायचे नाही. त्यांना पुराण सांगायचे आहे आणि ते ती उत्तम सांगतात. पण कथा काढून घेतली तर उरलेल्या पक्ष्याचे आणि उरलेल्या पाण्याचे काय, हा प्रश्न त्या परंपरेला विचारावासा वाटला नाही. तो स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत विचारला गेला.

३

ब्रूनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) हा स्वीडनमधल्या उप्सालाचा. स्टॉकहोमच्या कला अकादमीत तो काही काळ शिकला, जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जाऊन त्याने प्राणिचित्रणाचे धडे घेतले, मग फ्रान्स पाहिला. तो पक्का शिकारी होता. त्याने घरी खोकडे, ससे, गरुड, घुबड असे प्राणी पाळले होते, ते त्यांच्या हालचाली न्याहाळण्यासाठी.

त्याचे ‘बाज आणि ग्राउझ’ (१८८४) हे तरुणपणीचे चित्र आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बर्फात रानकोंबड्यांच्या जातकुळीतल्या काळ्या ग्राउझ पक्ष्यांवर बाज झडप घालतो आहे. चित्र वेगवान आहे. पण लिल्येफोर्सने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे की बाज त्यानेच मारलेला होता, आणि मेलेले पक्षी वाकवलेल्या झुडपांत बसवून, ते जिवंत वाटावेत म्हणून त्याला फार खटपट करावी लागली. खरे तर ते सगळे स्थिरवस्तुचित्रच होते. सफरचंदे आणि सुरई मांडावी तसा बाज मांडलेला. हा कबुलीजबाब मला महत्त्वाचा वाटतो. वन्यप्राण्याचे तैलचित्र बहुधा मेलेल्या शरीरावर उभे असते. तैलरंग सावकाश वाळतो, चित्राला आठवडे लागतात. जिवंत बाज इतका वेळ थांबत नाही. ज्याला आपण जिवंतपणा म्हणतो तो चित्रकाराला दुसरीकडून आणावा लागतो.

लिल्येफोर्सने तो जमिनीतून आणला. त्याच्या पुढच्या चित्रांत प्राणी आणि त्याचा परिसर एकाच कुंचल्याने बोलू लागतात. गवतातला ससा गवताच्या रंगाचा, आणि त्याची कडही गवताच्या पात्यासारखीच तुटक. पाण्यावरची आयडर बदके लाटांच्या ठिपक्यांतून हळूहळू वेगळी होतात. डोळ्याला ती शोधावी लागतात. प्राण्यांचे रंग त्यांना कसे लपवतात ही चर्चा त्या काळी निसर्गशास्त्रात जोरात होती. पण चित्रकलेच्या दृष्टीने यात एक धोका होता, आणि तो त्याने पत्करला : चित्राचा नायकच नजरेआड जाण्याचा. लँडसीअरचे हरीण जिन्यावरूनही दिसते. लिल्येफोर्सचा प्राणी थांबणाऱ्यालाच दिसतो. म्हणजे पाहणाऱ्याची जागा बदलली. तो आता प्रेक्षागारात नाही. झुडपामागे, श्वास रोखून बसलेला आहे.

१८९३ मध्ये स्टॉकहोमला जीवशास्त्र संग्रहालय उघडले. गुस्ताफ कोल्टहॉफ याने पेंढा भरलेले प्राणी त्यांच्या अधिवासात मांडले आणि मागची विस्तीर्ण चित्रे रंगवण्यात लिल्येफोर्सचा मोठा हात होता. प्राणी कपाटात रांगेने ठेवायचा नाही, तो जिथे राहतो त्या जागेसकट दाखवायचा, हा त्यामागचा विचार. मुंबईत त्याच्या दहा वर्षे आधी, १८८३ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या नियतकालिकातल्या सुंदर रंगीत पक्षिचित्रांनी पक्षी ओळखायला शिकवले. मात्र ओळखीसाठी काढलेला पक्षी एखाद्या फांदीपुरत्या परिसरात बसवावा लागतो. ती गरज वेगळी, लिल्येफोर्सची वेगळी.

१९०८ मध्ये त्याने स्टॉकहोमबाहेरच्या द्वीपसमूहातले बुलेरो हे बेट घेतले. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड आणि त्याचे भक्ष्य असलेले आयडर बदक हा त्याचा जुना विषय होता. त्याकडे तो पुन्हा पुन्हा वळला. हा गरुड बदकाला पाण्यात वारंवार बुडी मारायला लावतो, दमवतो आणि मग उचलतो. लिल्येफोर्सच्या या चित्रांत कोण चांगले, कोण वाईट असा निवाडा नाही. लाट, पंख आणि फेस यांना सारखाच जाड रंग. त्याच्या हयातीतच, १९२४ मध्ये, स्वीडनने समुद्रगरुडाला कायद्याचे संरक्षण दिले. बंदुकीपासून तो वाचला, पण पुढे डीडीटीसारख्या विषांमुळे बाल्टिक किनाऱ्यावर त्याची अंडी उबेनाशी झाली आणि तो जवळजवळ संपत आला होता. नंतरच्या प्रयत्नांनी तो सावरला. आज बुलेरो हे राखीव क्षेत्र आहे.

तरीही लिल्येफोर्सच्या चित्रांत एक मर्यादा राहते. झुडपामागे बसलेला माणूस अखेर शिकारीच असतो. त्याला सगळे दिसते, त्याला कोणी पाहत नाही. ही जागा सुखाची आहे.

४

ही सुखाची जागा विन्स्लो होमरने (१८३६–१९१०) काढून घेतली. होमर बोस्टनचा. तिथल्या शिळाछाप कारखान्यात उमेदवारी करून तो चित्रकार झाला; शाळेतले शिक्षण त्याला नाममात्रच मिळाले. अमेरिकन यादवी युद्धात तो साप्ताहिकासाठी रणांगणावरची रेखाटने पाठवत असे. १८८३ च्या सुमारास तो मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर राहायला गेला आणि शेवटपर्यंत मुख्यतः तिथेच राहिला. घोडागाडीच्या पागेचा त्याने स्टुडिओ केला होता. समोर अटलांटिक.

‘द फॉक्स हंट’ (१८९३) हे चित्र सुमारे ९७ सेंटिमीटर उंच आणि १७४ सेंटिमीटर रुंद आहे. पेन्सिल्व्हेनिया अकादमीने ते पुढच्याच वर्षी विकत घेतले. होमरचे चित्र घेणारी ती पहिली सार्वजनिक संस्था. नाव वाचून इंग्रजी सरदारांची घोडी, लाल कोट, कुत्रे डोळ्यांसमोर येतात. चित्रात त्यातले काही नाही. किनाऱ्यालगतचा खोल बर्फ, त्यात पोटापर्यंत रुतत पुढे सरकू पाहणारे एक लाल खोकड, आणि त्याच्या डोक्यावर उतरत असलेले कावळे. कडक हिवाळ्यात भुकेलेले कावळे रुतलेल्या, अशक्त खोकडावर असे तुटून पडतात म्हणे. शिकारी जो, तोच सावज.

मराठीत या चित्राचे नाव सहज ‘कोल्ह्याची शिकार’ असे होईल. पण कोल्हा वेगळा, खोकड वेगळे. आणि कोल्हा म्हटले की आपल्या गोष्टीतला धूर्त, लबाड कोल्हा आलाच. होमरच्या खोकडाला लबाडी करायला वावच नाही. त्याचे कान मागे, नजर कुठे जाते आहे ते आपल्याला नीट कळतही नाही. त्याची जवळजवळ खऱ्याएवढी काया चित्राच्या तळाशी, आपल्या अगदी पुढ्यात आहे. बर्फातून डोकावणारी लाल फळांची डहाळी तेवढी उबदार रंगाची. क्षितिज उंचावर ढकललेले, तिथे खडक आणि फुटणारी लाट. क्षितिज उंच गेले की पाहणाऱ्याचे पाय जमिनीत जातात. आपण खोकडाच्या मागे, त्याच बर्फात आहोत. कावळ्यांचे पंख आपल्याही डोक्यावर आहेत. डाव्या कोपऱ्यातली होमरची सही पाहावी : ती अक्षरेही तिरकी होऊन बर्फात रुतल्यासारखी दिसतात. स्वतःला त्याने कुठे उभे केले, हे त्याने असे सांगून टाकले.

या चित्रासाठीही मेलेले प्राणी वापरले होते. चरित्रकारांनी एक हकीकत नोंदवली आहे. होमरने चित्र गावातल्या स्टेशन मास्तरला दाखवले. त्याने सांगितले, कावळे काही खरे वाटत नाहीत. होमरने ते पुसून टाकले, स्टेशनाजवळ मक्याचे दाणे टाकले आणि तीन दिवस येणाऱ्या कावळ्यांची रेखाटने केली. कलेचे शिक्षण नसलेल्या, पण रोज कावळे पाहणाऱ्या माणसाचे मत त्याने प्रमाण मानले. तैलरंगाचा गुण इथे कामी आला. जलरंगात चुकले की कागद गेला. तैलरंग खरवडता येतो, वर दुसरा थर देता येतो. चित्रकाराला आपले मत बदलायला वेळ मिळतो.

मत बदलण्याची आणखी मोठी खूण ‘नॉर्थईस्टर’ या चित्रात आहे. १८९५ मध्ये ते प्रथम दाखवले तेव्हा खडकावर दोन माणसे वादळाला तोंड देत दबून बसलेली होती. पुढच्या काही वर्षांत होमरने ती रंगवून बुजवली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या त्या चित्रात खडक, लाट आणि उसळलेला फेस एवढेच आहे. माणसे असताना ते धैर्याचे चित्र होते. माणसे गेल्यावर धैर्य कोणाचे, हा प्रश्नच उरला नाही; लाट आपल्या अंगावर येते.

५

होमरचे अखेरच्या काळातले चित्र ‘राइट अँड लेफ्ट’ (१९०९) वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याआधीच्या वर्षी त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. करड्या, खवळलेल्या समुद्रावर गोल्डनआय जातीची दोन बदके, ऐन हवेत. एकाचे पंख पसरलेले, दुसरे डोके खाली आणि पाय वर. चित्राचे नाव होमरने दिलेले नाही. न्यूयॉर्कच्या नॉडलर गॅलरीत ते पाहून एका शिकारी माणसाने उत्स्फूर्त उद्गार काढला, तोच नाव होऊन बसला. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांनी लागोपाठ दोन पक्षी पाडले की शिकाऱ्यांच्या बोलीत त्याला असे म्हणतात. त्या माणसाला चित्रात शिकाऱ्याचे कौशल्य दिसले.

पण शिकारी आहे कुठे? नीट शोधावे लागते. दूर, दोन लाटांच्या मध्ये एक होडी, तीत माणसाची पुसट आकृती आणि बंदुकीच्या तोंडाशी एक इवलासा तांबडा ठिपका, थोडा धूर. एवढेच. लिल्येफोर्सच्या चित्रात प्राणी शोधावा लागत होता. इथे माणूस शोधावा लागतो. आणि तो सापडला की पुढचे लक्षात येते. बंदूक बदकांकडे रोखलेली आहे, बदकांच्या मागे-पुढे कोणी नाही, आपण आहोत. छर्रे आपल्याच दिशेने येत आहेत. आपल्याला होमरने हवेत, पक्ष्यांच्या उंचीवर, जिथे माणूस उभा राहूच शकत नाही अशा जागी नेले आहे. गोळी लागली आहे की एक पक्षी वाचण्यासाठी सूर मारतो आहे, यावर अभ्यासक वाद घालतात. तो वाद मिटू नये अशीच चित्राची रचना आहे, कारण त्या क्षणी पक्ष्यालाही ते ठाऊक नसणार.

इथे दोन आक्षेप घ्यायला हवेत. पहिला : माणसाला पक्ष्याच्या डोळ्यांनी पाहता येते हा भ्रम नव्हे का? आहेच. पण होमर पक्ष्याचे मन रंगवत नाही. त्याच्या बदकांच्या डोळ्यांत भीती, करुणा, आर्जव असले काही नाही. ती सोय लँडसीअरची. होमर फक्त जागा बदलतो. मन उसने घेता येत नाही, जागा घेता येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : असे चित्र काढायला पक्षी मारावेच लागले, मग या सहानुभूतीचे मोल काय? होमर मासेमारीचा शौकीन होता, आणि या बदकांची जोडी त्याने जेवणासाठी आणली होती असेही सांगतात. चित्राने त्याचे हात धुतले जात नाहीत. मला तर चित्राचा खरेपणा तिथेच वाटतो. बाजारात विकण्यासाठी बदकांची अमर्याद कत्तल अमेरिकेत तेव्हाही चालू होती. स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा देशव्यापी कायदा १९१८ मध्ये आला. होमरने प्रचार केला नाही. त्याने बंदुकीच्या चुकीच्या बाजूला एक जागा रिकामी ठेवली आणि चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला तिथे उभे केले. नाव देणारा तो शिकारीही क्षणभर तिथेच उभा होता, त्याला ते कळले नाही इतकेच.

६

१८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने उडणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी एक कॅमेरा बनवला. त्याला दस्ता होता, नळी होती, चाप होता. खांद्याला लावून नेम धरायचा आणि सेकंदाला बारा छायाचित्रे घ्यायची. छायाचित्रणाची बंदूकच ती. आज आपल्याकडे भाट्याच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर भल्या पहाटे लांब लेन्स लावून बसलेली मंडळी दिसतात. ती प्राणी मारत नाहीत, ही मोठी प्रगती आहे, आणि त्यांच्यामुळे पक्ष्यांच्या मौल्यवान नोंदी होतात हेही खरे. पण बसण्याची जागा लिल्येफोर्सची आहे, झुडपामागची. आपल्या भाषेतही त्याला ‘शूट’ म्हणायची सवय रुळली आहे. समुद्रगरुडाने पाण्यातून साप उचलल्याचा फोटो लाखभर लोक पाहतात आणि त्यातला एकही जण त्या पाण्यात नसतो.

म्हणून ही जुनी तैलचित्रे अजून जुनी झालेली नाहीत. आता संग्रहालयांनी त्यांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या आहेत. वाचकांनी ‘राइट अँड लेफ्ट’ जरूर पाहावे. प्रथम बदके दिसतील, पिसांची नजाकत दिसेल. मग डावीकडे, लाटांच्या मधोमध, तो तांबडा ठिपका शोधावा. तो सापडेपर्यंत आपण चित्र पाहत असतो.